रेड सॉक्सचे दोन हिवाळे, २०११ ते २०१३: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतका जुना विषय आत्ता कशाला?

कारण दर नोव्हेंबरात बोस्टनच्या आसपास राहणारी मराठी मंडळी तोच प्रश्न विचारतात: "नवा जनरल मॅनेजर आला, आता संघ सुधारेल ना?" याचं उत्तर द्यायला बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाच्या लागोपाठच्या दोन ऑफसीझनइतकं (दोन हंगामांमधल्या हिवाळ्याइतकं) चांगलं उदाहरण मला सापडत नाही. दोन्ही हिवाळ्यांत मालक आणि जनरल मॅनेजर तेच होते. पहिल्या हिवाळ्यानंतर संघ तळाला गेला आणि दुसऱ्यानंतर वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं अंतिम विजेतेपद, जिंकला. माणसं बदलण्यापेक्षा अडकलेला पैसा मोकळा होणं जास्त महत्त्वाचं ठरलं, असं माझं मत आहे. पटतं का, ते पुढे वाचून ठरवा.

सप्टेंबर २०११ मध्ये नेमकं काय झालं होतं?

३ सप्टेंबरला रेड सॉक्स वाइल्ड कार्डच्या (गटविजेत्यांखेरीज प्लेऑफला मिळणाऱ्या जागेच्या) शर्यतीत टँपा बे रेजच्या नऊ सामने पुढे होते. प्लेऑफ जवळपास खिशातच होता. मग त्या महिन्यात ते फक्त ७ सामने जिंकले आणि २० हरले. सुरुवातीच्या पिचरांचा (सामना सुरू करणाऱ्या गोलंदाजांचा) महिन्याचा ईआरए सातच्या वर गेला. ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागणाऱ्या धावा. चार चांगला, तीन उत्तम. सात म्हणजे धुलाई.

शेवटचा दिवस २८ सप्टेंबर. बाल्टिमोरविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये बोस्टन एका धावेने पुढे, मैदानावर क्लोजर (सामना संपवायला येणारा पिचर) जोनाथन पॅपलबॉन, दोन बाद. तिथून बाल्टिमोरने बरोबरी साधली आणि रॉबर्ट अँडिनोच्या फटक्यावर सामना जिंकला. लेफ्ट फील्डला घसरत आलेल्या कार्ल क्रॉफर्डच्या ग्लोव्हमध्ये तो चेंडू राहिला नाही. काही मिनिटांतच तिकडे फ्लोरिडात, यांकीजविरुद्ध ७-० ने मागे पडलेल्या टँपा बेला इव्हान लाँगोरियाने बाराव्या इनिंगमध्ये होम रन (आपल्या षटकारासारखा फटका) मारून जिंकून दिलं. टँपा ९१ विजय, बोस्टन ९०. हंगाम खलास.

मॅनेजर आणि जनरल मॅनेजर यांत फरक काय? दोघंही मॅनेजरच ना?

नावाचा घोळ आहे खरा. मॅनेजर संघाचा गणवेश घालून डगआउटमध्ये बसतो. आज कोण खेळणार, पिचर कधी बदलायचा हे तो ठरवतो. क्रिकेटच्या भाषेत कर्णधार आणि प्रशिक्षक यांची गोळाबेरीज. जनरल मॅनेजर ऑफिसात बसतो. कोणाशी करार करायचा, कोणाला सोडायचं, कोणाची अदलाबदल करायची, हे त्याचं काम. म्हणजे निवड समितीचा अध्यक्ष, फक्त हातात चेकबुक असलेला. त्याचे सहायक, स्काउट, आकडेवारीची माणसं मिळून जे खातं होतं त्याला 'फ्रंट ऑफिस' म्हणतात.

रेड सॉक्समध्ये त्या काळी जनरल मॅनेजरच्या डोक्यावर आणखी तिघे होते: मुख्य मालक जॉन हेन्री, अध्यक्ष टॉम वर्नर आणि प्रेसिडेंट लॅरी लुकिनो. हेच मालक लिव्हरपूल फुटबॉल क्लबचेही, त्यामुळे आपल्याकडच्या फुटबॉलवेड्या पोरांना हेन्रींचं नाव बेसबॉल न पाहताही ठाऊक असतं.

चिकन आणि बिअरमुळे टेरी फ्रँकोना गेले, हे खरं का?

अर्धं खरं. फ्रँकोना आठ हंगाम मॅनेजर होते आणि त्यांच्याच हाताखाली बोस्टनने २००४ साली १९१८ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली, मग २००७ ची दुसरी. ३० सप्टेंबर २०११ ला, म्हणजे हंगाम संपल्यावर दोनच दिवसांनी, ते बाहेर पडले. त्यांच्या कराराची पुढची वर्षं उचलायची की नाही हे मालकांच्या हातात होतं, आणि ती उचलली गेली नाहीत. खेळाडूंपर्यंत आपला आवाज पोहोचत नाही, हे त्यांनी स्वतःही कबूल केलं.

चिकन-बिअरची बातमी त्यानंतर, ऑक्टोबरच्या मध्याला 'बोस्टन ग्लोब'मध्ये आली. ज्या दिवशी पिचिंगची पाळी नसे त्या दिवशी जोश बेकेट, जॉन लेस्टर आणि जॉन लॅकी सामना चालू असताना ड्रेसिंग रूममध्ये तळलेलं चिकन खात, बिअर पीत आणि व्हिडिओ गेम खेळत, असं त्यात होतं. त्याच बातमीत फ्रँकोना यांच्या घरच्या आणि तब्येतीच्या गोष्टीही चव्हाट्यावर आणल्या. जाणाऱ्या माणसाच्या पाठीवर असा वार करणं मला तेव्हाही आवडलं नव्हतं आणि आजही आवडत नाही.

थिओ एपस्टीन का गेले?

एपस्टीन २००२ साली जनरल मॅनेजर झाले तेव्हा अवघे २८ वर्षांचे होते. नऊ वर्षांत दोन वर्ल्ड सिरीज. ऑक्टोबर २०११ मध्ये शिकागो कब्जने त्यांना जनरल मॅनेजरच्याही वरचं पद दिलं, प्रेसिडेंट ऑफ बेसबॉल ऑपरेशन्स. कब्ज तर १९०८ पासून कोरडे होते. एक शाप मोडलेल्या माणसाला दुसरा मोडायची संधी मिळत असेल तर तो का थांबेल?

शिवाय ही त्यांची पहिली एक्झिट नव्हती. २००५ च्या हॅलोवीनला त्यांनी राजीनामा दिला होता आणि पत्रकारांना चुकवायला गोरिलाचा पोशाख चढवून ते फेनवे पार्क या संघाच्या मैदानातून सटकले होते. जानेवारीत परत आले! मधल्या काळात खुर्ची बेन चेरिंग्टन आणि जेड हॉयर या दोघांनी मिळून सांभाळली. हे नाव लक्षात ठेवा, चेरिंग्टन.

एपस्टीनच्या बदल्यात बोस्टनला काय मिळालं?

ऑफिसातल्या माणसाचीही नुकसानभरपाई मागता येते, हे अनेकांना नवल वाटतं. एपस्टीन यांचा बोस्टनशी करार शिल्लक होता, म्हणून बोस्टनने भरपाई मागितली. महिनोन्महिने घासाघीस चालली. अखेर फेब्रुवारी २०१२ मध्ये मिळाला क्रिस कार्पेंटर नावाचा रिलीफ पिचर (सामना सुरू झाल्यावर बदली म्हणून येणारा). सेंट लुइसचा तो नामवंत क्रिस कार्पेंटर नव्हे, दुसराच. आल्या आल्या त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया करावी लागली. साहेब गेले आणि बदल्यात सुतार आला, तोही हात बांधलेला.

मग नव्या मॅनेजरची निवड कोणी केली?

चेरिंग्टन २५ ऑक्टोबर २०११ ला जनरल मॅनेजर झाले. शांत, अभ्यासू माणूस, बोस्टनच्याच ऑफिसात वर्षानुवर्षं घडलेला. त्यांच्या मनात डेल स्वेम होते, असं तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत येत होतं. पण स्वेम गेले कब्जकडे, एपस्टीनचेच मॅनेजर म्हणून. मग वरून नाव आलं बॉबी व्हॅलेंटाइन. लुकिनो यांचा त्या नावासाठी आग्रह होता. १ डिसेंबरला घोषणा झाली.

व्हॅलेंटाइन हुशार, बोलघेवडे. त्यांनी मेट्सना २००० साली वर्ल्ड सिरीजपर्यंत नेलं होतं आणि जपानमध्येही विजेतेपद मिळवलं होतं. पण अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये ते २००२ नंतर मॅनेजर नव्हते. माझं स्पष्ट मत: नव्या जनरल मॅनेजरच्या पहिल्याच महिन्यात त्याच्या हाताखालचा सर्वांत महत्त्वाचा माणूस वरच्यांनी निवडला, तर त्याला पद मिळालं, अधिकार नाही. सून घरात आली, पण भांडी कुठे लावायची ते सासूच ठरवणार.

त्या हिवाळ्यात संघात कुठे कुठे भोकं होती?

सुरुवातीच्या पिचरांचं रोटेशन, म्हणजे त्यांची आळीपाळी, हे पहिलं आणि सगळ्यांत मोठं. पाच जण लागतात. लेस्टर, बेकेट आणि पाठीच्या दुखण्यातून परतणारा क्ले बुखोल्झ, हे तीन झाले. लॅकीचा २०११ चा ईआरए ६.४१ होता आणि त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाल्याने २०१२ साल गेलंच. दाइसुके मात्सुझाकाचीही तीच शस्त्रक्रिया जूनमध्ये झाली होती. म्हणजे दोन जागा रिकाम्या.

दुसरं भोक क्लोजरचं. पॅपलबॉन नोव्हेंबरातच फिलाडेल्फियाला गेला, चार वर्षांचे ५ कोटी डॉलर घेऊन. राइट फील्ड (मैदानाची उजवी बाहेरची बाजू) रिकामं. आणि शॉर्टस्टॉपची (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाची) जागा तर जानेवारीत क्लबने स्वतःहून रिकामी केली: मार्को स्कुटारोला कोलोरॅडोकडे पाठवलं, कारण त्याचा पगार वाचवायचा होता. त्याच वर्षी स्कुटारो पुढे सॅन फ्रान्सिस्कोत गेला, नॅशनल लीगच्या (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरी अमेरिकन लीग) अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि वर्ल्ड सिरीज जिंकला. असो.

पैशाने भरलेला क्लब, मग एखादा बडा पिचर विकत का घेतला नाही?

हाच खरा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आयपीएलमध्ये प्रत्येक फ्रँचायझीच्या पर्सला मर्यादा असते. मेजर लीग बेसबॉलमध्ये तशी कडक मर्यादा नाही, पण एक रेषा आहे. एकूण पगार तिच्यावर गेला की वरच्या रकमेवर कर भरावा लागतो आणि वर्षामागून वर्ष रेषा ओलांडत राहिलं की कराचा दर वाढत जातो. २०१२ साठी ही रेषा १७ कोटी ८० लाख डॉलरवर होती. बोस्टन तिला जाऊन टेकलेलंच होतं.

कशामुळे? जुन्या उधाऱ्यांमुळे. क्रॉफर्ड: सात वर्षं, १४ कोटी २० लाख. एड्रियन गोन्झालेझ: सात वर्षं, १५ कोटी ४० लाख. लॅकी: पाच वर्षं, ८ कोटी २५ लाख. बेकेट: चार वर्षं, ६ कोटी ८० लाख. यांतला गोन्झालेझ मस्त खेळत होता, बाकीच्यांचं काय सांगावं. बेसबॉलमधले करार बहुतेक पूर्ण हमीचे असतात. खेळाडू खेळो, न खेळो, पैसे मोजावेच लागतात. बंगल्याचा हप्ता इतका मोठा की गळकं छत दुरुस्त करायला हातात रोकड नाही, अशी ती अवस्था.

त्या हिवाळ्यात बाजारात सी. जे. विल्सन होता, तो एंजल्सनी पाच वर्षांसाठी ७ कोटी ७५ लाखांना उचलला. मार्क बर्ली मायामीला गेला. जपानच्या यू दार्विशशी फक्त बोलणी करण्याच्या हक्कासाठी टेक्सासने ५ कोटी १७ लाखांची बोली लावली. बोस्टनने मात्सुझाकासाठी २००६ साली असंच ५ कोटी ११ लाख मोजले होते, तेव्हा यावेळी हात पोळलेला होता. शेवटी बोस्टनने आणले कोण, तर विसेंते पाडिया आणि अॅरन कुक, तेही मायनर लीगच्या (मोठ्या लीगखालच्या दुय्यम लीगच्या) करारावर.

डॅनियल बार्डचं काय झालं? त्याचं नाव काढलं की बोस्टनचे लोक गप्प का होतात?

कारण ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत वाईट गोष्ट आहे. बार्ड आठव्या इनिंगचा रिलीफ पिचर, ताशी शंभर मैलांच्या आसपास फेकणारा. विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून ठरलं, याला सुरुवातीचा पिचर करू. स्वस्तात मोठी जागा भरेल.

नाही भरली. वेग गेला, मग दिशा गेली. ३ जून २०१२ ला टोरांटोत त्याने दोन इनिंगसुद्धा पूर्ण करायच्या आत सहा जणांना वॉक (चुकीच्या चेंडूंमुळे फुकटचा बेस) दिले आणि दोघांना चेंडू मारला. दोन दिवसांत त्याला मायनर लीगमध्ये पाठवलं. चेंडू प्लेटवर टाकणं, जे हा माणूस लहानपणापासून करत आला, तेच त्याला जमेना. वर्षानुवर्षं तो या संघातून त्या संघात हिंडला, मग खेळ सोडून दुसऱ्या एका क्लबमध्ये तरुण खेळाडूंना मानसिक आधार द्यायचं काम करू लागला. आणि २०२० मध्ये, सात वर्षांनी, तो कोलोरॅडोकडून परत मोठ्या लीगमध्ये उभा राहिला आणि नॅशनल लीगचा 'कमबॅक प्लेअर ऑफ द इयर' ठरला. बोस्टनचा त्यात काडीचाही वाटा नाही. सगळा दोष त्या निर्णयावर टाकता येणार नाही, पण संघाचं भोक खेळाडूच्या अंगाने बुजवायला गेलं की काय होतं ते बार्डकडे पाहून कळतं.

जोश रेडिकला देऊन टाकणं चूक होती का?

हो. क्लोजर हवा म्हणून डिसेंबर २०११ मध्ये ओकलंडकडून अँड्र्यू बेली घेतला, सोबत रायन स्वीनी, आणि रेडिकसह तिघे दिले. बेलीच्या अंगठ्यावर हंगामाच्या तोंडावरच शस्त्रक्रिया झाली, तो त्या वर्षी फक्त १९ सामन्यांत दिसला. रेडिकने ओकलंडकडून ३२ होम रन मारले आणि गोल्ड ग्लोव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार घेतला. बोस्टनला राइट फील्डर हवाच होता, हे वर सांगितलंच आहे! त्या जागेसाठी आणलेला कोडी रॉस ३० लाख डॉलरमध्ये चांगला खेळला, एवढंच समाधान.

बोस्टनचा बडा फलंदाज डेव्हिड ऑर्टिझ तर फ्री एजंट (करार संपून मोकळा) होता, तो राहिला कसा?

क्लबने आर्बिट्रेशन (एका वर्षाचा पगार लवादाकडून ठरवून घेणं) देऊ केलं आणि त्याने ते स्वीकारलं. त्याची मागणी १ कोटी ६५ लाख, क्लबची तयारी १ कोटी २६ लाख ५० हजार. लवादापुढे जायच्या आधीच बरोबर मधोमध, १ कोटी ४५ लाख ७५ हजारांवर तोड झाली. भाजी मंडईत करतो तसंच, आकडे तेवढे मोठे.

टिम वेकफिल्ड आणि जेसन व्हॅरिटेक याच हिवाळ्यात निवृत्त झाले ना?

हो. वेकफिल्ड फेब्रुवारी २०१२ मध्ये, व्हॅरिटेक १ मार्चला. एक १७ हंगाम बोस्टनकडून नकलबॉल (जवळजवळ न फिरता डुलत जाणारा चेंडू) टाकणारा, दुसरा कप्तानाचा 'सी' छातीवर लावणारा कॅचर. कागदावर याने फार फरक पडत नव्हता. ड्रेसिंग रूममध्ये पडला.

२०१२ इतकं वाईट का गेलं?

६९ विजय, ९३ पराभव. १९६५ नंतरचा सर्वांत वाईट हंगाम, आणि तो नेमका फेनवे पार्कच्या शंभरीच्या वर्षात.

एप्रिलमध्येच व्हॅलेंटाइन टीव्हीवर बोलून गेले की केव्हिन युकिलिसचं मन आणि शरीर पूर्वीसारखं खेळात नाही. दुसऱ्या दिवशी डस्टिन पेड्रोयाने पत्रकारांसमोर सांगून टाकलं की आमच्याकडे असं चालत नाही. पेड्रोया म्हणजे मुंबई क्रिकेटच्या भाषेत अस्सल 'खडूस': बुटका, हट्टी, संघासाठी जीव टाकणारा. असा माणूस एप्रिलमध्येच मॅनेजरच्या विरोधात उभा राहिला, तेव्हाच हंगामाचा निकाल लागला होता. जूनमध्ये युकिलिस शिकागो व्हाइट सॉक्सला गेला. मे महिन्यात बेकेट दुखापतीमुळे पाळी चुकवून गोल्फ खेळायला गेल्याचं बाहेर आलं आणि २०११ चं चिकन पुन्हा तापवलं गेलं.

पण सगळा राग व्हॅलेंटाइनवर काढणं सोपं आहे. लेस्टर ९-१४ (विजय-पराभव), बेकेट ५-११. रोटेशनच्या रिकाम्या जागा डिसेंबरात दिसत होत्या, त्या सप्टेंबरातही तशाच होत्या. ४ ऑक्टोबरला, हंगाम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, व्हॅलेंटाइन यांना काढलं.

डॉजर्सबरोबरचा तो महाप्रचंड ट्रेड जुलैची मुदत संपल्यावर कसा झाला?

तेव्हाच्या नियमात पळवाट होती. ३१ जुलैनंतरही खेळाडूला 'वेव्हर'वर टाकून, इतरांनी त्यावर हक्क सांगितला नाही किंवा हक्क सांगणाऱ्याशी सौदा जमला, तर अदलाबदल करता येई. २०१९ पासून ती वाट बंद झाली आहे. लॉस एंजलिसच्या नव्या श्रीमंत मालकांना गोन्झालेझ हवा होता. चेरिंग्टननी सांगितलं, घ्या, पण बाकीचं ओझंही उचला. २५ ऑगस्ट २०१२ ला गोन्झालेझ, क्रॉफर्ड, बेकेट आणि निक पुंटो डॉजर्सचे झाले. बोस्टनला मिळाले जेम्स लोनी आणि चार तरुण, त्यांतल्या कोणाचंच बोस्टनमध्ये फार मोठं नाव झालं नाही.

म्हणून लोक विचारतात, यात मिळालं काय? मिळाली मोकळीक. पुढच्या वर्षांचे सुमारे २५ कोटी डॉलर एका सहीने वहीतून गेले. गोन्झालेझसाठी याच क्लबने दीड वर्षापूर्वी अँथनी रिझो नावाचं पोरगं सॅन दिएगोला दिलं होतं, ते नुकसान मात्र भरून आलं नाही. रिझो पुढे कुठे गेला ते शेवटी सांगते.

मॅनेजरचाही ट्रेड होतो?

होतो, क्वचित. जॉन फॅरेल २००७ ते २०१० बोस्टनचे पिचिंग कोच होते. नंतर टोरांटोचे मॅनेजर झाले आणि त्यांचा करार अजून शिल्लक होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये बोस्टनने शॉर्टस्टॉप माइक अॅव्हिलेस देऊन त्यांना परत आणलं. टोरांटोने सोबत एक पिचरही दिला, नाव डेव्हिड कार्पेंटर. जाणाऱ्या साहेबाच्या बदल्यात एक सुतार आणि येणाऱ्याबरोबर दुसरा, बोस्टनच्या नशिबात सुतारकामच लिहिलेलं. अॅव्हिलेसला टोरांटोने दोन आठवड्यांत क्लीव्हलंडला पाठवलं, जिथे नुकतेच मॅनेजर झाले होते टेरी फ्रँकोना. बेसबॉलचं जग आपल्या एखाद्या तालुक्याएवढंच आहे.

फॅरेल यांची निवड चेरिंग्टनच्या मनातली होती. लेस्टर आणि बुखोल्झ या दोघांना ते जवळून ओळखत होते. २०१३ मध्ये लेस्टर १५-८ झाला, बुखोल्झ दुखापतीमुळे थोडंच खेळला पण १२-१ आणि ईआरए १.७४.

दुसऱ्या हिवाळ्यात नेमकी काय खरेदी झाली?

एकही मोठं नाव नाही. शेन व्हिक्टोरिनो, तीन वर्षं, ३ कोटी ९० लाख. तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली होती की फार दिले. रायन डेम्पस्टर, दोन वर्षं, २ कोटी ६५ लाख. जॉनी गोम्स, दोन वर्षं, १ कोटी. कॅचर डेव्हिड रॉस, दोन वर्षं, ६२ लाख. स्टीवन ड्रू, एक वर्ष, ९५ लाख. कोजी उएहारा, वय ३७, एक वर्ष, ४२ लाख ५० हजार. माइक नापोलीशीही तीन वर्षं आणि ३ कोटी ९० लाख ठरलं होतं, पण वैद्यकीय तपासणीत खुब्याच्या हाडाचा आजार निघाला आणि बोलणी एक वर्ष, ५० लाखांवर आली.

आता हे सात आकडे कागदावर मांडून बेरीज करा. साधारण १० कोटी डॉलर होते. एकट्या क्रॉफर्डला १४ कोटी २० लाख कबूल केले होते. सातही करार तीन वर्षांचे किंवा त्याहून छोटे, म्हणजे चुकलं तरी दहा वर्षं डोक्यावर बसणारं कोणी नाही. शिवाय ड्राफ्टचा (होतकरू खेळाडूंच्या वार्षिक निवडीचा) हक्क गमवावा लागेल असा एकही खेळाडू यात नव्हता. त्या हिवाळ्यापासून 'क्वालिफाइंग ऑफर'ची पद्धत आली होती: १ कोटी ३३ लाखांची एका वर्षाची ऑफर नाकारून आलेला खेळाडू घेतला, तर घेणाऱ्याचा वरचा ड्राफ्ट क्रमांक जाई.

पण क्लोजर तर पुन्हा चुकलाच, नाही का?

चुकला, एकदा नाही, दोनदा. पिट्सबर्गहून जोएल हॅनरहन आणला, मे महिन्यात त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया. मग बेली, जुलैत त्याचा खांदा. मग नाइलाजाने उएहारा. ताशी नव्वद मैलही न गाठणारा हा जपानी गृहस्थ त्या वर्षी १.०९ ईआरएने खेळला आणि एका टप्प्यात त्याने सलग ३७ फलंदाज बाद केले. अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. याला नियोजन म्हणणाऱ्यांना मी हात जोडते. नशीब होतं. पण स्वस्तात चांगली माणसं भरपूर जमवून ठेवली, तर नशिबाला दार उघडायला जागा राहते, हेही तितकंच खरं.

२०१३ च्या विजयाचं श्रेय मग कोणाला?

९७ विजय, आणि ३० ऑक्टोबरला सेंट लुइसवर ४-२ ने वर्ल्ड सिरीज. १९१८ नंतर प्रथमच खुद्द फेनवेच्या मैदानावर. ऑर्टिझने त्या मालिकेत .६८८ च्या सरासरीने, म्हणजे दहापैकी जवळपास सात वेळा यशस्वी फटका मारत, फलंदाजी केली. त्यावर काय बोलणार? १५ एप्रिलला मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेजवळ बॉम्बस्फोट झाले होते, त्या वर्षी या शहराला संघाची आणि संघाला शहराची गरज होती. ते कुठल्याही हिशेबात बसत नाही.

हिशेबात बसतं ते असं: व्हिक्टोरिनोचा डेट्रॉइटविरुद्धचा ग्रँड स्लॅम (चार धावांचा होम रन), गोम्सचा चौथ्या सामन्यातला तीन धावांचा होम रन, आणि शेवटचा सामना जिंकणारा पिचर जॉन लॅकी. होय, तोच चिकनवाला. त्याच्या करारात एक कलम होतं: कोपराच्या दुखापतीने मोठा काळ गेला तर एक जादा वर्ष किमान पगारावर क्लबच्या मर्जीने. त्या कलमाचा फायदा बोस्टनला झालाच नाही, कारण जुलै २०१४ मध्ये त्याला सेंट लुइसला देऊन टाकलं.

एपस्टीन यांनी मागे काहीच ठेवलं नव्हतं का?

ठेवलं होतं, आणि हे श्रेय नेहमी राहून जातं. जून २०११ च्या त्यांच्या शेवटच्या ड्राफ्टमध्ये मॅट बार्न्स, जॅकी ब्रॅडली आणि पाचव्या फेरीत, १७२ व्या क्रमांकावर, पुढे मोठा तारा झालेला मूकी बेट्स नावाचा मुलगा निवडला गेला. पुढच्याच वर्षीपासून ड्राफ्टमधल्या बोनसवर नवी मर्यादा आली आणि खालच्या फेरीतल्या मुलाला जादा पैसे देऊन ओढून आणणं अवघड झालं. दार बंद व्हायच्या आत बोस्टनने हात घातला.

धडा घेतला का क्लबने?

दोन वर्षांपुरता. २०१४ मध्ये संघ पुन्हा तळाला, ७१ विजय. लेस्टरला नवा करार देता देता राहिलं आणि तो ओकलंडला गेला. त्या नोव्हेंबरात पाब्लो सँडोव्हालला पाच वर्षांचे ९ कोटी ५० लाख आणि हॅनली रामिरेझला चार वर्षांचे ८ कोटी ८० लाख कबूल केले. लांब, जाड, जुन्या वळणाचे करार. २०१५ मध्येही संघ शेवटचाच. ऑगस्टमध्ये मालकांनी डेव्ह डोंब्रोव्स्की यांना वर आणून बसवलं आणि चेरिंग्टन बाहेर पडले.

ही सगळी मंडळी पुढे कुठे गेली?

एपस्टीनच्या कब्जनी २०१६ ची वर्ल्ड सिरीज जिंकली, समोर होते फ्रँकोना यांचे क्लीव्हलंड. शेवटचा चेंडू पहिल्या बेसवर झेलला तो रिझोने. चेरिंग्टन २०१९ मध्ये पिट्सबर्गचे जनरल मॅनेजर झाले. व्हॅलेंटाइन कनेटिकटमधल्या एका विद्यापीठात क्रीडा विभागाचे प्रमुख होते. वेकफिल्ड यांचं २०२३ च्या १ ऑक्टोबरला निधन झालं.

आणि ३१ जुलै २०१२ ला, त्या बुडत्या हंगामात, चेरिंग्टननी अॅरिझोनाकडून एक डावखुरा रिलीफ पिचर आणला होता. फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. येल विद्यापीठात शिकलेला, नाव क्रेग ब्रेस्लो. २०१३ च्या विजेत्या बुलपेनमध्ये (रिलीफ पिचरांच्या ताफ्यात) तो होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये रेड सॉक्सने फ्रंट ऑफिस पुन्हा बदललं, तेव्हा बेसबॉल खात्याच्या प्रमुखाच्या खुर्चीत बसवलं ते याच ब्रेस्लोला.